अँटिव्हायरसची हिरवी खूण आणि साहेबांची सही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

पुण्याजवळच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. पत्र लिहिणारे तिथे काही वर्षांपासून कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतात. हुद्दा 'आयटी एक्झिक्युटिव्ह', पण विभागात माणूस एकच. संगणक ११०. अँटिव्हायरसच्या ज्या व्हर्जनवर सगळं चाललंय, तिचा सपोर्ट बनवणाऱ्या कंपनीने बंद केलाय. लायसन्स मात्र मार्चपर्यंत आहे, त्यामुळे स्क्रीनवर हिरवी खूण दिसते. ज्या सर्व्हरवर अँटिव्हायरसचा कन्सोल (सगळी मशीन एका जागी दाखवणारा पडदा) होता, तो गेल्या पावसाळ्यात बंद पडला आणि त्यानंतर उभा राहिलाच नाही. सॉफ्टवेअर काढायचा पासवर्ड आधीच्या एएमसीवाल्याकडे (वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराकडे), आणि तो फोन उचलत नाही. शॉप फ्लोअरवर चार मशीन अजून विंडोज ७ वर आहेत. नव्या अँटिव्हायरसचं कोटेशन साहेबांनी दोनदा परत पाठवलं: "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" वाचक विचारतात, मोठ्या सुट्टीत सगळं गुपचूप काढून विंडोजचाच डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू करू का? आणि काही झालं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार असेल, तर नोकरीच बदललेली बरी का?

उत्तर:

गुपचूप काही करू नका. त्याची कारणं पुढे येतीलच. नोकरीचं शेवटी बोलू.

आधी 'सपोर्ट संपला' म्हणजे तुमच्याकडे नेमकं काय संपलंय ते बघा, कारण पत्रात दोन-तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. लायसन्स संपणं वेगळं. ते पैसे भरले की सुटतं. व्हर्जनचा सपोर्ट संपणं म्हणजे त्या प्रोग्राममध्ये दोष सापडला तर तो आता कोणी दुरुस्त करणार नाही, मग लायसन्स मार्चपर्यंत असो की पुढच्या दहा वर्षांचं. व्हायरसची ओळखयादी, म्हणजे डेफिनिशन, ही आणखी तिसरी गोष्ट. व्हर्जन जुनी झाल्यावरही ती बरेचदा काही काळ येत राहते आणि मग एक दिवस थांबते. स्क्रीनवरची हिरवी खूण यातल्या कुठल्या गोष्टीबद्दल बोलतेय हे तिच्याकडे बघून कळत नाही. काही प्रोग्राम लायसन्सची तारीख पुढची आहे एवढ्यावरच खूण हिरवी ठेवतात. तेव्हा डीलरला फोन करायच्या आधी बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या व्हर्जनचा क्रमांक शोधा. सपोर्ट संपल्याची आणि डेफिनिशन थांबण्याची, अशा दोन तारखा सहसा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. त्यांची प्रिंट काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत. तुम्ही लिहिता, "जुना का असेना, काहीच नसण्यापेक्षा बरा." मला हे पटत नाही. अँटिव्हायरस हा संगणकातला सगळ्यात जास्त अधिकार असलेला प्रोग्राम असतो. प्रत्येक फाइल तो उघडून बघतो, प्रत्येक मेलच्या आत डोकावतो, आणि हे सगळं वापरणाऱ्यापेक्षा वरच्या हक्काने करतो. २०१६ च्या जूनमध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटाने सिमँटेक आणि नॉर्टनच्या उत्पादनांतले दोष जाहीर केले. त्यातला एक असा होता की दाबून बांधलेली फाइल उलगडून बघणारा भाग विंडोजच्या थेट गाभ्यात चालत होता. दुष्ट फाइल मेलने नुसती येऊन पडली तरी पुरेसं होतं. कोणी ती उघडायचीही गरज नव्हती, कारण अँटिव्हायरसच ती उघडून बघणार. सिमँटेकने दुरुस्ती दिली, आणि ज्यांची व्हर्जन सपोर्टमध्ये होती त्यांचं काम भागलं. असा दोष उद्या तुमच्या व्हर्जनमध्ये निघाला तर दुरुस्ती येणारच नाही. राखणदार म्हातारा झालाय एवढंच असतं तर चाललं असतं. इथे घराच्या सगळ्या किल्ल्या त्याच्याच कमरेला आहेत.

म्हणून आज उठून उपटून टाका असंही नाही. पहिलं काम यादीचं. कन्सोल नाही, म्हणजे ११० संगणकांवर खरं काय चाललंय हे आज तुमच्यासकट कंपनीत कोणालाच ठाऊक नाही. एक्सेल उघडा आणि मशीनपाशी जाऊन भरा: विंडोज कोणती, अँटिव्हायरसची व्हर्जन कोणती, डेफिनिशनची शेवटची तारीख कोणती, वापरणाऱ्याकडे अॅडमिनचे हक्क आहेत का, आणि हे मशीन एक दिवस बंद राहिलं तर कोणाचं काय अडेल. शेवटचा रकाना तुम्ही भरू नका. त्या त्या खात्याच्या माणसाला विचारा. स्टोअर्समधल्या ज्या डबड्याकडे तुम्ही कधी बघितलंही नसेल, त्यावरूनच गेटपास निघतो, हे तेव्हा कळतं.

यादी करताना प्रत्येक खात्यातल्या एक-दोन मशीनवर आयकारची चाचणी करा. आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी मजकूर-फाइल आहे. ती दिसली की ओरडायचं, असं अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसात ठरवलेलं आहे. मजकूर आयकारच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो. नोटपॅडमध्ये टाकून सेव्ह केल्यावर अँटिव्हायरस गप्प बसला, तर हिरव्या खुणेचं प्रकरण तिथेच निकाली निघालं. ओरडला तर इंजिन जिवंत आहे एवढंच सिद्ध होतं. कालपरवाचा व्हायरस ते ओळखेल असा त्याचा अर्थ नाही.

आणखी एक जागा बघा, जी कोणी बघत नाही: वगळलेल्या फोल्डरांची यादी. कॅडचं, म्हणजे ड्रॉइंगचं, सॉफ्टवेअर हळू चालतं म्हणून कोणीतरी कधीतरी अख्खा डी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेला असतो, टॅलीवाल्याने टॅलीचं फोल्डर वगळायला लावलेलं असतं. नवं सॉफ्टवेअर आलं की हीच यादी डोळे मिटून जशीच्या तशी उचलली जाते. एकेक ओळ का वगळली होती ते विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर ती ओळ पुढे नेऊ नका.

आता डिफेंडरचं. तुमच्या लिहिण्यात 'फुकटातला म्हणून दुय्यम' असा सूर आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये जो डिफेंडर आपोआप येतो तो चांगला आहे, कंपनीत वापरायलाही हरकत नाही, आणि सपोर्ट संपलेल्या तुमच्या सॉफ्टवेअरपेक्षा मी तो केव्हाही पसंत करेन. (दुसऱ्या कंपन्यांचे घरगुती वापराचे मोफत अँटिव्हायरस मात्र कंपनीत टाकू नका. बहुतेकांच्या अटींत धंद्यासाठी वापर बसत नाही.) उणीव आहे ती वेगळीच. नुसत्या डिफेंडरला सगळी मशीन एका जागी दाखवणारा पडदा नाही. ११० पैकी एकावर तो बंद पडला तर तुम्हाला कोण सांगणार? पैसे मोजायचे ते मुख्यतः या पडद्यासाठी. हे एकदा लक्षात घेतलंत की कोटेशनं तुम्ही वेगळ्या नजरेने वाचाल.

बदलताना तीन ठिकाणी ठेच लागते. विंडोज १० वर दुसरा अँटिव्हायरस असेल तर डिफेंडर आपणहून बाजूला होतो आणि दुसरा काढला की परत उभा राहतो. पण जुना प्रोग्राम 'मी ठीक आहे' असं विंडोजला सांगत राहिला तर डिफेंडर झोपलेलाच राहतो. विंडोज सर्व्हरवर हे आपोआप बाजूला होणं नाही, म्हणून तिथे दोन्ही एकदम चालून सर्व्हर गुदमरू शकतो. आणि विंडोज ७ मध्ये डिफेंडर नावाचं जे काही आहे ते फक्त स्पायवेअरपुरतं होतं, तुमच्या सुट्टीच्या योजनेत त्या चार मशीनना ते काहीच देणार नाही.

पासवर्डचं काय? यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली मिळणारं 'रिमूव्हर' उतरवू नका. संरक्षण काढण्यासाठी अनोळखी माणसाचा प्रोग्राम अॅडमिन हक्काने चालवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. खरेदीचं बिल आणि लायसन्सचा क्रमांक जोडून बनवणाऱ्या कंपनीलाच मेल करा. व्हर्जनचा सपोर्ट संपलेला असला तरी तुम्ही लायसन्सधारक ग्राहक आहात, आणि बहुतेक कंपन्यांकडे स्वतःचं काढायचं साधन असतं. जबरदस्तीने काढलेल्या अँटिव्हायरसचा नेटवर्कवरचा तुकडा कधीकधी मागे राहतो आणि मग त्या मशीनला नेटवर्कच मिळत नाही. सुट्टीत एकट्याने ११० मशीनवर हे केलंत, आणि सोमवारी सकाळी डिस्पॅचचं इनव्हॉइस निघेना, तर 'हात कशाला लावायचा' म्हणणारे साहेब त्या दिवशी बरोबर ठरतील.

२०२४ च्या जून-जुलैत एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टी या संदर्भात बोलक्या आहेत. जूनमध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने कॅस्परस्की या अँटिव्हायरसवर बंदी जाहीर केली. नवी विक्री २० जुलैपासून बंद आणि अपडेट २९ सप्टेंबरपासून बंद. चांगला चालणारा अँटिव्हायरस सरकारी आदेशाने शंभरेक दिवसांत सपोर्टबाहेर गेला. ज्यांच्याकडे कुठे काय बसवलंय याची यादी होती त्यांची निदान सुरुवात तरी सोपी झाली. आणि १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट सगळीकडे एकदम गेला, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. तिथे सॉफ्टवेअर अद्ययावत होतं, पैसे भरलेले होते, सपोर्ट होता. तेव्हा थांबून राहणं जसं घातक, तसंच सगळीकडे एका दमात हात घालणंही.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावेन. आधी पाच मशीन, पण मुद्दाम अवघड निवडलेली: एक टॅलीचं, एक जीएसटीसाठी डिजिटल सहीचा डोंगल लागतो ते, एक कॅडचं, एक लेबल प्रिंटर जोडलेलं, आणि एक तुमचं स्वतःचं. निदान एक महिनाअखेर त्यांना जाऊ द्या, कारण खरा ताण तेव्हाच येतो. मग मेल आणि बँकेचे व्यवहार जिथून होतात ती मशीन. मग बाकीचं ऑफिस, दर गुरुवारच्या सुट्टीत एक खातं. सर्व्हर सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या आदल्या दिवशी बॅकअप परत उतरवून बघितल्यावरच.

चार विंडोज ७ ची गोष्ट निराळी आहे. त्यांचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. तुम्हाला त्यांची लाज वाटते असं पत्रातून जाणवतं. वाटायचं कारण नाही. सुट्या भागांची मापं तपासणाऱ्या सीएमएम यंत्राचं सॉफ्टवेअर त्याच विंडोजवर चालत असेल आणि नवं घ्यायला लाखो रुपये लागत असतील, तर ते मशीन ठेवणं हा रीतसर निर्णय असू शकतो. पण मग त्याच्यावर अँटिव्हायरस कोणता हा प्रश्न मागे पडतो आणि त्याच्यापर्यंत पोचणार कोण हा पुढे येतो. या चौघांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाका. इंटरनेट बंद, मेल बंद, ब्राउझरचा शॉर्टकटसुद्धा काढा. प्रोग्रामच्या फाइली देण्याघेण्यासाठी एकच फोल्डर, एकाच मशीनवरून. ऑपरेटरचा पेनड्राइव्ह थेट लावू द्यायचा नाही. मध्ये एक अद्ययावत मशीन ठेवा, तिथे तपासून मगच पुढे. आणि चारही डिस्कच्या हुबेहूब प्रती काढून कपाटात ठेवा, कारण इतक्या जुन्या डिस्क व्हायरसची वाट बघत बसत नाहीत.

हे वेगळं ठेवणं किती मोलाचं आहे ते २०१७ ने दाखवलं. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ज्या भोकातून शिरकाव केला त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. हल्ला १२ मे रोजी झाला. त्यानंतर २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाजकंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्या पॅच केलेल्या मशीनवरही पसरला, कारण एका मशीनवरून अॅडमिनचा पासवर्ड चोरायचा आणि तोच घेऊन पुढच्या मशीनवर जायचं, हीही त्याची एक रीत होती. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनी दावोसला जाहीर सांगितलं. अँटिव्हायरस नवा घेतला तरी ११० मशीनवर एकच अॅडमिन पासवर्ड असेल, बॅकअपची डिस्क कायम सर्व्हरला खोचलेली असेल, आणि घरून टॅली बघता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉप (बाहेरून संगणक चालवायची सोय) उघडा सोडलेला असेल, तर तुम्ही त्याच जागी आहात. ही तिन्ही भोकं बुजवायची कामं जवळजवळ बिनपैशाची आहेत. कोटेशन मंजूर होण्याची वाट न बघता, साहेबांना सांगून, याच आठवड्यात सुरू करा.

विंडोज १० बद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ऑफिसातली बरीच मशीन त्यावर असणार. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपन्यांसाठी पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. डिफेंडरची डेफिनिशन मात्र विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, असं मायक्रोसॉफ्टने म्हटलंय. म्हणजे वाढीव अपडेट घेतले नाहीत तर तुमच्या अँटिव्हायरसचं जे झालंय तेच विंडोज १० चंही: वर खूण हिरवी, खाली पाया दुरुस्तीविना. नवं तीन वर्षांचं लायसन्स घेताना कोणती मशीन त्या तीन वर्षांत बदलायचीच आहेत ते आधी मोजा, नाहीतर भंगारात जाणाऱ्या डब्यांचंही लायसन्स भराल.

आता साहेब. 'त्यांना यातलं काही कळत नाही' असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, त्यांच्यासमोर निर्णय घ्यावा असं काही आलेलंच नाही. त्यांच्या टेबलावर आलं ते कोटेशन, आणि कोटेशनला कारखान्याचा मालक एकच प्रश्न विचारतो: हे नसेल तर काय अडतं? त्याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. दोनदा नाही म्हणणारा माणूस त्यांच्या जागी मीही असू शकेन.

एक पान लिहा. त्यात व्हायरसचं नाव नको, व्हर्जनचा क्रमांक नको. काहीसं असं:

"साहेब, आपल्या ११० पैकी इतक्या संगणकांवरचं संरक्षण अमुक तारखेपासून बंद आहे किंवा त्याची खात्री देता येत नाही. कंपनीचं पत्रक सोबत जोडलं आहे. डिस्पॅच, टॅली आणि सीएमएम ही तीन कामं बंद पडली तर दिवसाला काय नुकसान होतं, याचे आकडे संबंधित खात्यांकडून घेतले आहेत. तीन मार्ग आहेत. एक, आहे तसं ठेवणं: खर्च शून्य, धोका वरीलप्रमाणे. दोन, ऑफिसची मशीन डिफेंडरवर नेणं आणि जुनी मशीन वेगळी करणं: खर्च मुख्यतः वेळेचा आणि एका स्विचचा, पण देखरेख हाताने करावी लागेल. तीन, नवं सॉफ्टवेअर कन्सोलसह: खर्च इतका. माझी शिफारस आत्ता दोन आणि मार्चमध्ये तीन. आपण ठरवाल त्यावर सही करावी ही विनंती."

'आहे तसं ठेवणं' हा मार्ग मुद्दाम लिहायचा. त्यावर सही करायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आणि खरंच केली, तर निर्णय त्यांचा असल्याचं कागदावर येतं; खापराची तुमची भीती बरीचशी तिथेच उतरते. फक्त सूर धमकीचा नको. कागद हातात देण्याआधी दहा मिनिटं समोर बसून बोला.

दोन मुद्दे जवळ असू द्या, विचारलं तरच काढा. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मानकात आपत्कालीन योजनेच्या कलमात सायबर हल्ल्याचा उल्लेख आहे; ग्राहकाचा ऑडिटर तो काढू शकतो, आणि तुमचे क्वालिटीवाले ही बाब तुमच्यापेक्षा जोरात मांडतील. दुसरं, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायच्या असतात आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवसांचे ठेवायचे असतात. कन्सोल बंद असलेल्या कंपनीत घटना लक्षात तरी कशी येणार, एवढं विचारलंत तरी पुरे.

नोकरीबद्दल. दोन नकार मिळाले म्हणून सोडू नका. ते नकार तुमच्या म्हणण्याला नव्हते, एका किमतीला होते. पण ते एक पान दिल्यावर, समोर बसून बोलल्यावरही 'सही कशाला, तू बघून घे' असं उत्तर आलं, तर तुमच्याकडे जबाबदारी आहे आणि अधिकार नाही हे स्पष्ट झालं. तेव्हा त्याच संध्याकाळी झालेलं बोलणं चार ओळींत त्यांना मेल करा, बिनपैशाची तिन्ही कामं पुरी करा, आणि मग निवांतपणे दुसरीकडे बघायला लागा. तोपर्यंत तुम्ही केलेली ती यादी पुढच्या मुलाखतीतही उपयोगी पडेल; फक्त तिची प्रत बाहेर नेऊ नका, ती कंपनीची आहे.